धवलारणीला घेऊन उरणला

वाशीहून उरणला जाण्यात लिहिण्यासारखं काय आहे, असं आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारीणबाईंनी मला विचारलं. त्यांचं काही चुकलं नाही. सकाळी एसटीत बसलेला माणूस जेवणाच्या वेळेला उरणच्या बाजारात असतो, आणि वाटेत त्याला काहीही होत नाही. पण आम्ही एसटीने गेलो नाही. आम्ही आमच्या गाडीने गेलो.

तेव्हा आधी गाडीबद्दल. ब्याऐंशी साली दादरची दीड खोली सोडून आम्ही वाशीच्या फ्लॅटात आलो आणि माधवरावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, ही गाडी घेतली. तिच्या एका मालकाने तिची टॅक्सी केली होती, त्याच्या पुढच्याने तिच्यातून कोंबड्या नेल्या. अजूनही पावसाळ्यात मागच्या सीटमधून एखादं पीस वर येतं. माधवराव दर रविवारी तिला धुतात, तिच्याशी बोलतात, आणि ती चालू झाली नाही की माझ्याकडे बघतात. लग्नाला पंधरा वर्षं होत आली, पण माझ्या एखाद्या दुखण्यासाठी ते तिच्यासाठी झोपतात तसे जमिनीवर उताणे झोपल्याचं मला आठवत नाही.

आता कमलबद्दल. कमल आमच्या शाळेत गणित शिकवते. मूळची उरणच्या बाजूची, मोरा बंदराच्या वाटेवरच्या एका आगरी गावातली. माघात तिचं लग्न ठरलं, लग्न रविवारी आणि हळद आदल्या संध्याकाळी. मधल्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"बाई, एक काम सांगू? नाही म्हणालात तरी चालेल."

"सांग तर आधी."

"तुम्ही गाडीने येणार ना? मग वाटेत कामोठ्याहून आमच्या मावशीला घेऊन याल? तिचे गुडघे गेलेत, एसटीत चढवत नाही."

मावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण, हिराबाई, आणि ही हिराबाई धवलारीण आहे. हे मला कळायला थोडा वेळ लागला, म्हणून सांगते. आगरी लोकांच्या लग्नात भटजींच्या आधी, आणि पुष्कळ घरांत तर भटजींच्या ऐवजी, धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. धवलारीण म्हणते, बाकीच्या बायका मागून म्हणतात. तिने म्हटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. आमच्या साताऱ्याकडे भटजी उशिरा आले तर लोक चहा पिऊन घेतात. इथे धवलारीण उशिरा आली तर हळद वाटीतच राहते.

"पण दादा आता ऐकत नाही," कमल म्हणाली. "त्याने लाऊडस्पीकर आणलाय. लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेटी आणल्यात. म्हणतो, दिवेलागणीपर्यंत मावशी आली तर आली, नाहीतर कॅसेट लावून हळद उरकायची. आईने तर जेवण सोडलंय."

"आणि तुला काय हवंय?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला एक ओळ येत नाही. पण आमच्या घरातल्या सगळ्या हळदी मावशीने म्हटल्यात, आता मीच उरलेय. माझ्या वेळेला कॅसेट वाजली तर ती कोणाला तोंड दाखवणार नाही, बाई."

मी हो म्हटलं. माधवरावांना तर गाडी बाहेर काढायला निमित्तच लागतं.

शनिवार: वाशी ते कामोठे

यंदा थंडी पडली होती. म्हणजे वाशीच्या मानाने पडली होती. माझं माहेर साताऱ्याकडचं, तिथे थंडीला थंडी म्हणतात तेव्हा पहाटे बादलीत हात घालवत नाही. इथे पंखा एकवर आला की लोक कपाटातून स्वेटर काढतात. आमचे माधवराव रत्नागिरीचे, त्यांना उकाड्यातच मोठं केलेलं. त्यांनी माझ्या बहिणीने विणलेला स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला कानटोपी आणि पायांत लोकरीचे मोजे असा सरंजाम केला. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने गाडी भरली. मी नुसती शाल घेतली, तर "नंतर शिंकशील" म्हणून मला ताकीद मिळाली.

रस्ता मात्र त्या सकाळी फार छान होता. बेलापूर सोडलं की इमारती संपतात. पुढे खारघरच्या डोंगरावर कोवळं ऊन होतं, खाली कापलेली भातशेतं आणि त्या ओलीवर उगवलेला वाल, निळसर फुलांचा. मध्येच माळावर एकटी पाटी उभी, की इथे अमुक सेक्टर होणार. पाटीच्या सावलीत म्हशी बसलेल्या होत्या.

कामोठ्याला हिराबाई ओट्यावर तयार बसल्या होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर गाठोडं. आकाराने चिमणीएवढ्या. पण त्यांनी तोंड उघडलं आणि पलीकडच्या आळीतला कुत्रा उठून उभा राहिला.

"कवरा येल लावलास गो बाय! मी सकालधरना वाट बगतंय."

आम्ही वेळेआधी पोचलो होतो, पण त्या आवाजापुढे घड्याळ दाखवायची आमची हिंमत झाली नाही. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, शेजारी मी बसले. गाडी सुटली तसा काचेच्या फटीतून वारा आला आणि मावशींनी पदर गळ्याभोवती गुंडाळला.

"दादा, काचा वर करा. गल्याला गार वारा लागला का मंग माजा काय खरा नाय. हलद हाय आज."

माधवरावांना त्यांच्या मनासारखं माणूस भेटलं. त्यांनी चारी काचा गच्च वर केल्या. पुढच्या काचेची फट राहत होती, तिथे वर्तमानपत्राची घडी कोंबली. मावशींनी ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धरली आणि बोलायला सुरुवात केली.

पनवेलच्या पुढे

त्या बोलत होत्या ते मला आवडत होतं. पंचक्रोशीतल्या कोणत्या घरात किती पोरी, कोणाचं कुठे जमलं, कोणत्या हळदीला वरमाय रुसली, सगळं त्यांना पाठ. मग गाडी कमलवर आली.

"तिला मी शिकवाला बसवली व्हती, बाय. ल्हान व्हती तवा. मी म्हनाची, आन ही तोंडापुरं पुस्तक धरून बसाची. आकडं मोजत. मी बोल्ली, पोरी, माजे मागं कोन म्हनल? तर बोलते, मावशी, मना उद्या परीक्षा हाय."

"अजून कोणी नाही शिकत?"

"कोन शिकल? आता पेटी म्हनते ना." पेटी म्हणजे टेपरेकॉर्डर. "त्या पेटीला सांगा, नवरीचे मामाचा नाव काय. त्या पेटीला सांगा, कनचे देवीचा आवतन रायला. नाय सांगत. ती आपली एकच म्हनते."

त्या हसल्या आणि ज्येष्ठमधाची काडी दुसऱ्या दाढेखाली सरकवली. "कमलचे हलदीला मी म्हनली का मना बरा वाटल. मंग ती पेटी वाजंना का कवरीपन."

इतक्यात गाडी एका खड्ड्यात आपटली. खालून काहीतरी धाडकन वाजलं आणि पुढच्याच क्षणाला असा आवाज सुरू झाला की मला वाटलं मागून ट्रक आला. मागे वळून पाहिलं, ट्रक नव्हता. तो आवाज आमचाच होता.

"काही नाही!" माधवराव ओरडले. "सायलेन्सर जरा ढिला झालाय! उरणला गेल्यावर बघू!"

सायलेन्सर ढिला झाला म्हणजे गाडी चालते, हे खरं आहे. फक्त रस्त्यावरची माणसं बाजूला होतात, बैल बुजतात आणि आत बसलेल्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. यावर सामान्य माणूस गप्प बसतो. मावशी सामान्य नव्हत्या. गाडीने आवाज वाढवला तसा त्यांनीही वाढवला. कोणा वरमाईच्या रुसव्याची हकीकत अर्धी राहिली होती, ती त्यांनी सायलेन्सरच्या वर चढून पूर्ण केली, आणि मग दुसरी काढली.

थोड्या वेळाने माझं डोकं जड झालं. मळमळायला लागलं. मावशींना ढास लागली. पुढून माधवरावांनी सांगितलं की हे गाडी लागल्याचं लक्षण आहे, पिशवीत आवळासुपारी आहे ती घ्या. आम्ही आवळासुपारी खाल्ली. मावशी खोकत होत्या तसं त्यांनी पदर आणखी घट्ट केला आणि काच नीट बंद आहे ना ते चाचपून पाहिलं. मला आता सगळं पिवळं दिसायला लागलं होतं. उलटी गाडीत व्हायला नको म्हणून मी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

बाहेर लख्ख स्वच्छ हवा होती. मी दोन श्वास घेतले आणि डोकं जागेवर आलं. मग वळून आत पाहिलं, तर आत निळसर धूर भरलेला. कोंबड्यांच्या मालकाच्या काळापासून गाडीच्या तळाला भोकं आहेत, त्यांतून सगळा धूर वर येत होता, आणि थंडी नको म्हणून तो आम्ही काचा लावून जपून ठेवला होता.

"थांबवा! अहो, आधी थांबवा!"

गाडी थांबली. आम्ही तिघं खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसलो. माधवरावांनी कानटोपी काढली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मीही घाबरले होते, ते लपवत नाही. आणखी अर्धा तास तसेच गेलो असतो तर काय झालं असतं याचा विचार आजही मी पुरता करत नाही.

मावशींना खोकल्याची उबळ येऊन गेली. मग त्यांनी डोळे पुसले, घसा खाकरला आणि हळूच एक ओळ म्हणून पाहिली. आवाज आला नाही. जो आला तो फाटक्या पिपाणीतून यावा तसा. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून एवढं बोललेल्या त्या बाईच्या तोंडावर तेव्हा जी भीती मला दिसली, तिने माझा जीव कळवळला.

"मावशी," मी म्हटलं, "आता हळद सुरू होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. ज्येष्ठमध चघळा. गाडी दुरुस्त झाल्याशिवाय मी तुम्हाला आत बसू देणार नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना गप्प बसणं किती जड जातंय ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं.

मिठागरात

थांबलो होतो ते जासईच्या अलीकडे. दोन्ही बाजूंना मिठागरं. चौकोनी वाफे, त्यांत आकाश पडलेलं, मधून बांध. मीठ नुकतंच धरायला लागलं होतं, वाफ्यांच्या कडेला पांढरी रेघ दिसत होती. बांधावर एक झोपडी होती, तिथून एक जोडपं आमचा आवाज ऐकून केव्हाचं बघत होतं. नवरा बाळाराम, बायको चंद्रा. दोघं आमच्याकडे आली.

"काय झाला?" बाळारामने विचारलं.

माधवराव गाडीखाली गेले होते. तिथून त्यांनी सांगितलं की सायलेन्सर धरणारी मागची पट्टी तुटली आहे, त्यामुळे शेपटीकडून तो लोंबतोय आणि पुढून नळी त्यातून निसटली आहे. नळी परत आत बसवायची आणि सायलेन्सर वर बांधायचा, एवढंच काम. एकूण आवाज आनंदी होता. गाडीखाली गेलं की त्यांना बरं वाटतं.

एका बाजूची दोन चाकं बांधावर चढवली आणि नळी निवायची वाट पाहिली. तोवर चंद्राने आम्हाला झोपडीत बसवून तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी वाढली. मी देशावरची, सुक्या जवळ्याच्या वासाला अजून बिचकते. माधवरावांनी मात्र काळ्या हातांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आपण मघाशी धुरात मरता मरता वाचलो हे साफ विसरले. मावशींनी जवळ्याचं तिखट बाजूला सारून भाकरी गुळाशी खाल्ली, आणि चंद्राने "कनची तुमी?" विचारलं तेव्हा माझ्याकडे बोट केलं. मी सांगितलं.

"धवलारीन?" चंद्रा उठूनच उभी राहिली. "माजे हलदीला यांनीच म्हनलाय!"

मावशींनी हसून तिच्या गालावरून हात फिरवला. त्यांना चंद्राच्या आईचं नावसुद्धा आठवत असणार, पण बोलायची चोरी.

मग दुरुस्ती. पहिल्यांदा माधवरावांनी डिकीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी वापरली. गाडी सुरू केली, दोरी वितळली आणि सायलेन्सर धपकन खाली. मग बाळाराम म्हणाला, दोरी नको, सुंभ घ्या, पाण्यात भिजवून, ओला सुंभ जळत नाही. तो इतक्या खात्रीने म्हणाला की आम्ही तिघांनी माना डोलावल्या. सुंभाने बांधून गाडी झोपडीपासून वळणापर्यंत नेली. सुंभ आधी वाळला, मग धुरकटला, मग पेटला. बाळारामने मिठागराचं पाणी मारून विझवला आणि म्हणाला, सुंभ जुना असेल.

मला आता सायलेन्सरपेक्षा सूर्याची काळजी वाटायला लागली. मावशींनाही. त्या बांधावरून उठल्या, गाडीखाली शिरलेल्या माधवरावांच्या पायांशी गेल्या आणि त्यांचा अंगठा जोरात चिमटीत धरला. माधवराव "ओय" करून बाहेर आले. मावशींनी काही न बोलता पश्चिमेकडे बोट दाखवलं.

"अहो, तार हवी," मी म्हटलं. "दोऱ्यांचा नाद सोडा."

"तार कुठून आणू?"

आम्ही सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चंद्रा आत गेली आणि फुटकी बादली घेऊन आली. तिची कडी काढली, जाड लोखंडी तार. मग गोडेतेलाचा रिकामा डबा आणला. बाळारामने कोयत्याने त्याची एक बाजू कापून पत्रा सरळ केला. मी ओलं गोणपाट हातावर घेऊन सायलेन्सर वर उचलून धरला, बाळारामने नळी आत रेटली, माधवरावांनी सांध्याभोवती पत्रा गुंडाळून तारेने आवळला आणि शेपटीला उरलेल्या कडीचा आकडा केला. माझे हात खांद्यापर्यंत भरून आले. माधवरावांच्या स्वेटरचं माझ्या बहिणीला काय सांगायचं याचा मी अजून विचार करते आहे.

गाडी सुरू केली. आवाज पूर्ण गेला नाही, पण ट्रकचा होता तो रिक्षावर आला. धूर सगळा मागून जात होता. चंद्राने निघताना फडक्यात मूठभर नवं मीठ बांधून मावशींच्या ओटीत घातलं आणि पाया पडली. मावशींनी बोलायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्यांनी मिटलं.

चारी काचा खाली करून आम्ही निघालो. गार वारा भणभण आत येत होता. मावशी पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या. माधवरावांनी आपली कानटोपी खिशातून काढून त्यांना दिली आणि त्यांनी ती नथीसकट घातली.

हळद

गावाच्या वेशीवर पोचलो तेव्हा दिवे लागत होते. लाऊडस्पीकर लांबूनच ऐकू येत होता. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." मावशींनी गाडी थांबायच्या आधी दार उघडलं.

मांडव बायकांनी भरलेला होता. मध्ये पाटावर कमल, पिवळं लुगडं, खाली मान. शाळेत मुलांना फळ्यापाशी उभं करणारी हीच का, असं वाटावं. कोपऱ्यात टेबलावर टेपरेकॉर्डर आणि त्याच्याशेजारी तिचा भाऊ हरेश. कमलची आई धावत आली आणि बहिणीच्या गळ्यात पडली.

"आयली बाय! आयली गो!"

हरेशने मनगटावरचं घड्याळ बघितलं, पण हात जोडून पुढे झाला. "ये मावशी, बस. तुजीच वाट बगतो हाव."

मावशी पाटासमोर बसल्या. मला त्यांनी हाताने ओढून शेजारी बसवलं. हळदीची वाटी पुढे आली, बायका सावरून बसल्या. मावशींनी डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडलं.

नुसती हवा आली. त्यांनी खाकरून पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोन अक्षरं आली आणि खोकला. कोणीतरी पाणी दिलं. तिसऱ्यांदाही तेच. मांडवात कुजबुज सुरू झाली. हरेश उठला नाही, पण त्याचा हात टेबलाकडे गेलेला मी पाहिला. मावशींनीही पाहिला.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी तोंड आणून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुमी म्हना. मी सांगतंय."

"मी? मावशी, मला कुठे येतंय?"

"आवाज हाय ना तुमाला. मास्तरीन हाव तुमी."

एवढ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या बाईचा आवाज आमच्या गाडीने खाल्ला होता. मी पदर खोचला. मावशींनी कानात पहिली ओळ सांगितली, पयलं आवतन गावदेवीला द्यायचं, अशी काहीशी. मी ती मोठ्याने म्हटली. चाल मला ठाऊक नव्हती, म्हणून मी जी येते ती लावली. आमच्या शाळेत चौथीच्या कविता ज्या चालीवर म्हणवून घेतो ती.

आधी एक म्हातारी हसली. मग तिच्या मागची. दुसऱ्या ओळीला अख्खा मांडव पदरात तोंड घालून हलत होता. मी शाळेतल्यासारखी हाताने ताल धरून पुढे जात राहिले, कारण थांबले तर काय होईल ते मला दिसत होतं. तिसऱ्या ओळीला मावशींनीच डोळे गच्च मिटून घेतले, दाढ दुखावी तसे.

"बाई," पाटावरून आवाज आला, "तसं नाही ते."

कमलने मान वर केली होती. नवरीने हळदीला बसल्यावर मान वर करायची नसते, बोलायचं तर नसतंच. तिची आई पुढे झाली, पण तोवर तिने सुरुवात केली होती.

पहिली ओळ तिने मला समजावून सांगावी तशी हळू म्हटली. दुसरी जरा मोठ्याने. मग ती माझ्याकडे बघायची थांबली. गावदेवीला आवतन झालं, वेशीवरच्या देवाला झालं, उखळाला, मुसळाला, जात्याला, मामाला त्याच्या नावाने, वारलेल्या बापाला त्याच्या नावाने. कुठे अडली नाही. बायकांचं हसणं केव्हा थांबलं आणि त्या मागून म्हणायला केव्हा लागल्या ते कळलं नाही. पुस्तकाच्या आड बसून ती मुलगी आकडे मोजत होती, आणि हे सगळं तिच्या कानात जाऊन बसत होतं. तिलाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण बापाचं नाव घेतलं तेव्हा तिचा आवाज थरथरला आणि ती तशीच पुढे म्हणत राहिली.

मावशी रडत होत्या. मीही रडले. हरेशने टेपमधली कॅसेट काढून खिशात टाकली आणि माइक उचलून आणून बहिणीपुढे धरला. धवला गावभर ऐकू गेला.

रविवार

सकाळी लवकर आम्ही मोऱ्याच्या धक्क्यावर फिरून आलो. मुंबईला जाणारी लाँच भरत होती, टोपल्या आधी आणि माणसं मागून. कोळणी थंडीला शिव्या देत मासळी निवडत होत्या. माधवराव लाँचच्या धुराड्याकडे इतका वेळ बघत राहिले की खलाशाने त्यांना आत यायचं का म्हणून विचारलं. मी त्यांना हाताला धरून परत आणलं.

दुपारी लग्न लागलं. नवरा मुलगा उरणच्या शाळेतच शिक्षक आहे, चांगला हसरा आहे. जेवणात वालाचं बिरडं होतं, ते मी दोनदा मागून घेतलं. आमच्याकडे लग्नात जिलेबीचा आग्रह करतात, इथे बिरड्याचा करतात आणि नाही म्हटलं तर पान उचलू देत नाहीत.

निघताना कमलचा निरोप घ्यायला गेले. ती नवऱ्याशेजारी उभी होती, मावशी तिथेच खुर्चीवर. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. काल कोणी तिला ओरडलं नाही ना, असं मी विचारणार तेवढ्यात पलीकडच्या गावची एक बाई ओटी सावरत आली. ती नेहमीप्रमाणे मावशींच्या पाया पडली, पण बोलायला वळली ती कमलकडे.

"ए बाय, फागनान माजे पोरीचा लगीन हाय. येशील ना हलदीला म्हनाला?"

कमल गोंधळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अहो, मला कसं जमणार? शाळा असते. फाल्गुनात परीक्षा येतात."

बाईचा चेहरा पडला. मावशींनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं, अगदी कानाशी, आणि तो फाटका आवाज लावून म्हणाल्या,

"हलद शनवारची धर. शनवारी तिची शाला अर्धी असते."